नेम नसलेला सण

आमच्या गल्लीत कुठला सण कसा करायचा हे मी ठरवते. निदान त्या ऑक्टोबरपर्यंत ठरवत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मास्तरकी केली, मारेगावकडच्या खेड्यांतून बदल्या होत होत शेवटी वणीला आले, घर बांधलं आणि निवृत्त झाले. चौदा घरांची गल्ली. कोणी खाणीत, कोणी बँकेत, दोघांची कापसाच्या जिनिंगशी संबंधित कामं, एक टेलर. मला सगळे मॅडम म्हणतात. पंचांग माझ्याकडे, आणि ते वाचण्याचा उत्साहही माझ्याकडेच. एकादशी आज धरायची की उद्या, ग्रहणात लोणच्याला हात लावायचा की नाही, नव्या सुनेनं पहिली संक्रांत कुठं करायची, सगळे प्रश्न माझ्या ओट्यावर यायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. शाळा सुटली तरी कोणीतरी विचारतंय, याचं एक सुख असतं.

नियम मी स्वतः पाळूनच दुसऱ्याला सांगत असे. माझे मालक गेले त्या वर्षी मी कढई चुलीवर ठेवली नाही. आमच्याकडे घरात माणूस गेलं की वर्षभर सणाचं तळण करत नाहीत, दारात रांगोळी नाही, तोरण नाही. शेजारचे डबे आणून देतात. मी ते वर्ष काढलं, त्यामुळे दुसऱ्याच्या दुःखाचे नियम सांगायचा मला हक्कच आहे असं मला वाटायचं.

माझ्या समोरच्या घरात एक जोडपं राहतं. तो खाणीत डंपर चालवतो, पाळीप्रमाणे कधी दिवसा घरी तर कधी रात्री. ती घरीच फॉल-पिकोचं काम करते. त्यांना एकच मुलगी होती, दहा वर्षांची. आषाढात तिला ताप आला. इथं दोन दिवस दाखवलं, मग चंद्रपूरला नेलं, तिथून नागपूरला. सहाव्या दिवशी गाडी परत आली तेव्हा गल्लीतलं एकही माणूस घरात नव्हतं, सगळे रस्त्यावर उभे होते. मी पन्नास वर्षांत पुष्कळ मरणं पाहिली. पण त्या दिवशी आईनं गाडीतून उतरताना आधी मुलीची चप्पल खाली ठेवली, ते मला अजून दिसतं.

तेराव्यापर्यंत गल्लीनं त्या घराला एकटं सोडलं नाही. स्वयंपाक आमच्याकडून जायचा. रात्री कोणी ना कोणी तिथं झोपायचं. मीही चार रात्री झोपले. हे मी सांगते आहे कारण पुढं जे मी केलं ते दुष्टपणानं केलं नाही. पण दुष्टपणानं न केलेलंही माणसाला पुरतं लागतं, हे मला या वयात शिकायचं होतं.

दीड महिन्यानं पोळा आला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा. लाकडी नंदी, चार चाकांचे, पाठीवर झूल, शिंगांना बेगड, मानेत घुंगरू. मारुतीच्या देवळापुढं सगळे नंदी रांगेत लावायचे, मग पोरांनी आपापला नंदी ओढत घरोघर जायचं. बाया नंदीची पूजा करतात आणि पोरांच्या हातावर बोजारा ठेवतात. नाणी, चॉकलेट, बिस्किटाचा पुडा, ज्याला जे जमेल ते. आमच्या गल्लीत ही मिरवणूक नेण्याचं काम माझं. पहिलं घर कुठलं, मग कुठलं, कोण कोणाच्या मागं, सगळं माझ्या शिस्तीत.

आम्ही त्या घरापाशी आलो तेव्हा ती दारात उभी होती. हातात ताट, ताटात हळदकुंकू आणि लाल कागदातली चॉकलेटं. आणि पायरीवर तिच्या मुलीचा नंदी ठेवलेला. घासूनपुसून, झूल घालून. पोरं थबकली. माझ्यामागं दोनतीन बाया होत्या, त्या माझ्याकडे पाहायला लागल्या. माझ्या डोक्यात नियमाशिवाय दुसरं काही आलं नाही. वर्ष झालेलं नाही, या दारात सण न्यायचा नाही. मी तिच्याकडे पाहून हातानंच खूण केली, यंदा नाही. आणि पोरांना म्हटलं, "चला रे, पुढं चला."

पोरं गेली. शाळेतली सवय, माझ्या आवाजाला ती ऐकतात. मी दोन घरं पुढं जाऊन मागं पाहिलं तेव्हा दार लागलेलं होतं आणि पायरीवरचा नंदी उचललेला होता.

त्यानंतर तिनं ते पुढचं दार उघडलं नाही. ती मागच्या बोळीतून यायची-जायची. फॉल-पिकोच्या साड्या बाया मागच्या दारानं नेऊन द्यायच्या. नवरा तेवढा पुढून फटफटी काढायचा आणि मान खाली घालून जायचा. दिवाळीला मी चिवडा, शंकरपाळे, लाडू भरून डबा पाठवला. डबा दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर होता. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. बायांत कुणकुण होती की नवरा बदलीसाठी अर्ज करतो आहे, दुसऱ्या खाणीवर, पार तिकडं. मला समजायचं होतं ते समजलं. जेवणाच्या ताटावर बसले की समोरचं बंद दार दिसायचं. मी खिडकीचा पडदा लावून घेतला. दोन-चार दिवसांनी स्वतःचीच लाज वाटली आणि काढून टाकला.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. गल्लीच्या टोकाच्या घरातली मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, ती सुट्टीत आली होती. तिनं पोरांच्या डोक्यात हॅलोविन भरवलं. पोरांना काय, शाळेला सुट्ट्या आणि दिवाळीचे फटाके संपलेले. भुतं बनायचं, घरोघर जायचं, खाऊ मागायचा. मोबाइलवर फोटो पाहून झाले, चादरी मागून झाल्या, आणि सगळी वरात माझ्या ओट्यावर परवानगीला आली.

मी आधी चिडलेच. म्हटलं, "आपल्याकडे काय भुताईची कमी हाय का, का बाहेरून मागवाले लागली? पितृपक्ष झाला, सर्वपित्री झाली, आता हे कोणाचे पितर?"

पुण्याची मुलगी हसली. म्हणाली, "आजी, तान्हा पोळाच समजा. फक्त नंदीच्या जागी आपण."

तिला काय माहीत, तान्ह्या पोळ्याचं नाव काढून तिनं कुठं बोट ठेवलं ते. मी गप्प झाले. त्या गप्प राहण्याला पोरांनी होकार समजून घेतला.

मग कोहळ्याचं, म्हणजे लाल भोपळ्याचं, प्रकरण. तिकडं म्हणे कोहळं पोखरून त्याला डोळे-तोंड करतात आणि आत दिवा ठेवतात. आठवडी बाजारातून तीन कोहळी आली, एक तर गाडीच्या चाकाएवढं. पुण्याची मुलगी सुरी घेऊन बसली आणि चार बाया एकदम ओरडल्या. आमच्याकडे अख्ख्या कोहळ्याला बाई सुरी लावत नाही. पहिला वार पुरुषानं करायचा, मग बायांनी पुढं चिरायचं. कोहळं म्हणजे जीव धरलेला असतो, बाईनं तो तोडायचा नाही. तिला हे पटेना. शेवटी बँकेतल्या साहेबांना जेवणावरून उठवून आणलं. त्यांनी हात धुतले, तिन्ही कोहळ्यांना नमस्कार केला, एकेक वार केला आणि परत वरणभात खायला गेले. मुलगी म्हणाली, "आजी, आमच्या हॉस्टेलवरच्या हॅलोविनपेक्षा हे जास्त भीतीचं आहे." सगळे हसले. मीही हसले. त्या पावसाळ्यानंतर गल्ली पहिल्यांदाच अशी एकत्र हसली असेल.

पोखरलेला गर टोपलीभर निघाला. तो टाकायचा प्रश्नच नव्हता. गूळ आणि कणीक घालून घरोघरी बोंडं तळायची आणि तीच पोरांना खाऊ म्हणून द्यायची, असं ठरलं. वाटण्या व्हायला लागल्या. कोणत्या घरी किती गर, म्हणजे कोणकोणती घरं. पुण्याची मुलगी वहीत घरं लिहून घेत होती. माझ्या समोरच्या घरापाशी ती थांबली. तिला सगळं ऐकून माहीत होतं.

टेलरची बायको हळूच म्हणाली, "त्या घरी नको. भूत बनून तिच्या दारात कसं जातीन पोरं? तिची पोरगी जाऊन वरीस नाही झालं."

दुसरी म्हणाली, "बरोबर हाय. आधीच बिचारी..."

आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी पोळ्याच्या दिवशी पाहिलं होतं तसंच. एवढ्यात बँकेतल्या साहेबांची मुलगी, जी त्या गेलेल्या मुलीच्या बाकावर बसायची, ती म्हणाली, "पोळ्यालेबी तिचं घर नाही घेतलं होतं आपण." तिच्या आवाजात राग नव्हता. पोरं हिशेब सांगतात तसं सांगून ती मोकळी झाली.

मी म्हटलं, "मले काहून विचारता? या सणाचा नेम मले ठाऊक नाही. माझ्या पंचांगात तो नाही." रागानंच म्हटलं. पण बोलून झाल्यावर तेच वाक्य मला ऐकू आलं. खरंच, या सणाला नेम नव्हता. वर्ष झालेल्या घरात जायचं की वर्ष न झालेल्या, कढई ठेवायची की नाही, हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. मला चुकीचं ठरवायला या सणात काही नव्हतं. मला ज्याच्या मागं लपता येईल असंही काही नव्हतं.

मी गराचं एक पातेलं उचललं आणि कोणाला न सांगता समोरच्या घरामागच्या बोळीत गेले. संध्याकाळचे पाच वाजले असतील. तिचं मागचं दार लोटलेलं होतं, आत शिलाई मशीन चालू होती. मी कडी वाजवली. मशीन थांबली.

ती दारात आली. खूप वाळली होती. मी पातेलं पुढं केलं.

"कोहळ्याचा गर हाय," मी म्हटलं. "पोरं उद्या भूत बनून घरोघर येऊन राह्यली. बोंडं करतो आम्ही सगळ्या. तूबी कर."

"कढई ठिवू?" तिनं विचारलं. "चालते?"

तिच्या विचारण्यात काटा होता, आणि तो माझ्यासाठीच होता. मी म्हटलं, "चालते. या सणाले काही नेम नाही."

"भूत बनून येतीन म्हणता?"

"हो. तुले वाईट वाटत असन तं नाही आणत. त्या बाया म्हणत होत्या..."

तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. "मॅडम, माझी पोरगी भूत होऊन आली तरी चालते मले. यावं तं खरं. मी रोज दारापाशी बसतो रात्री. काहीच येत नाही."

मी उंबऱ्याबाहेर उभी होते. पातेलं माझ्या हातात जड झालं होतं. मला वाटलं, आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही. म्हटलं, "पोळ्याच्या दिवशी मी चुकली. पोरं तुझ्या दारात आणाले पाहिजे होते. मी नेमाचं पाहिलं, तुझं नाही पाहिलं."

ती शांतपणे म्हणाली, "तुमाले सांगतो मॅडम. पहिल्यांदा ते नागपूरले गेली. ते देवानं नेली, त्याले कोणाचा इलाज नाही. पण त्या दिवशी सगळे पोरं माझ्या दारातून गेले, आणि तिचा नंदी तसाच राह्यला. तवा ते दुसऱ्यांदा गेली. ते तुमी नेली."

मी पातेलं उंबऱ्यावर ठेवलं आणि परत आले. घरी येऊन देवापुढं बसले, पण हात जोडले गेले नाहीत. पंचांग खिळ्याला लटकत होतं, ते पाहवेना. ती पातेलं बाहेरच्या बाहेर बोळीत ओतून देईल अशी माझी खात्री होती, आणि तिनं तसं केलं असतं तरी तिचं चुकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पोरं निघाली. चादरींना डोळ्यांपुरती भोकं, काहींच्या तोंडाला पावडर आणि काजळ, एकीनं आईचा काळा परकर डोक्यावरून घेतलेला. खाणीकडून येणाऱ्या ट्रकांची धूळ हवेत होती आणि कोहळ्यातले दिवे त्या धुळीत पिवळे दिसत होते. या वेळी मी पुढं नव्हते. पुण्याच्या मुलीच्या हातात वही होती आणि मी सगळ्यात मागून चालत होते. एकेक घर होत गेलं. बाया घाबरल्याची सोंगं करत होत्या, पोरं खिदळत होती. माझं लक्ष कशातच नव्हतं. मी फक्त घरं मोजत होते.

समोरच्या घरापाशी पोरं आपणहून गप्प झाली. पुढचं दार बंदच होतं. पुण्याच्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं कडी वाजवली.

आतून काही आवाज आला नाही. मग कडी निघाली आणि दार उघडलं. नवरा पाळीवर गेलेला, ती एकटीच होती. हातात तेच ताट. ताटात कागदाच्या वाट्या, प्रत्येकीत दोन-दोन बोंडं, अजून गरम. घरातून तळणाचा आणि गुळाचा वास आला. आषाढापासून त्या घरातून असा वास आला नव्हता.

ती पायरी उतरली. पहिल्या भुतापाशी गेली, चादर वर केली, तोंड पाहिलं. मग दुसऱ्याचं. प्रत्येकाचं तोंड तिनं उघडून पाहिलं, गालावर हात ठेवला आणि वाटी दिली. घाई केली नाही. बँकेतल्या साहेबांच्या मुलीपाशी ती सगळ्यात जास्त थांबली. तिच्या डोक्यावरचा परकर नीट करून दिला. त्या मुलीनं तिच्या कमरेला मिठी मारली, आणि मग बाकीच्या पोरांनीही तिला घेरलं. चादरींच्या मधे ती उभी होती, ताट वर धरून, आणि रडत होती. आवाज न करता नाही, मोठ्यानं. आम्ही बाया दूर उभ्या होतो. कोणी तिला उगी राहा म्हणालं नाही, तेवढी अक्कल देवानं आम्हाला त्या दिवशी दिली.

पोरं बाजूला झाली तेव्हा ताटात एक वाटी उरली होती. गल्लीत पोरं अकरा. तिनं वाट्या बारा केल्या होत्या. हे कळल्याबरोबर सगळ्यांची नजर त्या वाटीवर आली आणि कोणालाच तिकडं पाहवेना. मला वाटलं, ही वाटी ताटात राहिली तर ती पुन्हा आत घेऊन जाईल आणि दार लावेल. मी पुढं झाले आणि हात पसरला. म्हटलं, "मले दे."

ती म्हणाली, "हे तिचं हाय, मॅडम."

मी हात मागं घेतला. त्या एका क्षणात मला माझी साठीची अक्कल, माझी शाळा, माझं पंचांग, सगळं फुकट वाटलं. पोरांदेखत मी मागायला नको होतं. मी वळले.

"थांबा," ती म्हणाली. ती पायरीवर बसली आणि ताट मांडीवर घेतलं. "ते एकटी कधी खातच नव्हती. शाळेतबी अर्धा डबा कोणाले तरी देऊन येत होती. म्या किती रागावत होती तिले."

तिनं वाटीतलं एक बोंड उचलून माझ्या हातावर ठेवलं. दुसरं वाटीतच राहू दिलं.

माफ केलं असं ती म्हणाली नाही. आजपर्यंत म्हणालेली नाही, आणि मीही विचारलेलं नाही. मी तिच्या पायरीवर, तिच्या शेजारी बसले आणि सगळ्या पोरांसमोर तिच्या मुलीच्या वाट्याचं ते बोंड खाल्लं.